पैसे रस्ट ब्लूइंगचे, काम कॉस्टिकच्या टाकीतलं

वस्तू: बर्मिंगहॅमला बनलेली जुनी १२ बोर दुनळी. बॉक्सलॉक (यंत्रणा आत झाकलेली), ३० इंची नळ्या, अडीच इंची चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा), नळ्यांमधली वरची आणि खालची पट्टी डाखाने बसवलेली. काम दिलं तेव्हा हात पडतो त्या जागी निळाई, म्हणजे पोलादाला गंजापासून वाचवणारा ब्लूइंगचा निळा-काळा थर, पार उडालेली होती. तोंडाकडच्या चार-पाच इंचांत वरवरचा गंज होता, खोल खड्डा एकही नव्हता. ब्लूइंग करणाऱ्याच्या दृष्टीने सोपं काम.

ठरलेलं काम: नळ्या हाताने घासून रस्ट ब्लूइंग (गंज चढवून तो उकळून काळा करायची संथ पद्धत), ट्रिगर गार्ड आणि टॉप लिव्हरलाही (बंदूक उघडायची वरची कळ) तेच, स्क्रूंना नायटर ब्लू (तापवून आणलेला निळा रंग), अ‍ॅक्शनला (नळ्या ज्यात बसतात तो यंत्रणेचा पोलादी भाग) हात लावायचा नाही. दर रस्ट ब्लूइंगचा घेतला, म्हणजे टाकीतल्या ब्लूइंगच्या कितीतरी पट.

मिळालेलं काम: कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीत बुडवून काढलेली, बफवर झगझगीत केलेली, अ‍ॅक्शनसकट काळी-जांभळी बंदूक. पाचपैकी एक तारा, आणि तोही स्क्रूंसाठी.

कार्यशाळा जुनी आहे, परवानाधारक आहे. नाव मुद्दाम देत नाही. हीच चूक निरनिराळ्या शहरांतल्या कामांत दिसते, त्यामुळे नावापेक्षा ती ओळखता येणं वाचणाऱ्याच्या जास्त कामाचं.

टाकीतलं काम कसं ओळखायचं

ताब्यात घेताना बंदूक सुंदरच दिसते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, ताज्या तेलात, कुठलंही ब्लूइंग चांगलं दिसतं. म्हणून पहिली मागणी तेल पुसायची करा आणि बंदूक उन्हात न्या.

पहिली खूण नळीच्या आत. रस्ट ब्लूइंग करणारा बोअरमध्ये लाख किंवा वार्निश फिरवून दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या ठोकतो, कारण आतून गंज चढू द्यायचा नसतो. काम झाल्यावर बोअर आधी होती तशीच उजळ राहते. टाकीत नळ्या उघड्याच बुडतात. इथे दोन्ही बोअर चेंबरपासून तोंडापर्यंत काळ्या निघाल्या.

दुसरी खूण चेंबरखालच्या सपाट भागांवर आणि लंपवर, म्हणजे नळ्यांखालच्या अडकण्याच्या आकड्यांवर. हे भाग अ‍ॅक्शनमध्ये बसतात, जुने कारागीर ते पांढरे ठेवतात आणि प्रूफचे (नळी दाबाच्या चाचणीत उतरल्याचे) शिक्के तिथेच असतात. इथे तेही काळे.

तिसरी खूण चकाकी. टाकीतलं ब्लूइंग खालच्या पॉलिशची हुबेहूब नक्कल करतं. पॉलिश आरशाचं असेल तर ब्लूइंगही आरशाचं. रस्ट ब्लूइंगमध्ये गंजाची प्रत्येक फेरी पोलाद किंचित खाते, म्हणून ते कधीच झगमगत नाही. त्याला मऊ, साटिनसारखी झाक असते आणि रंग काळ्याकडे झुकलेला निळा. ‘रस्ट ब्लू केलंय’ म्हणत कुणी तोंड दिसेल अशी नळी हातात दिली, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

चौथी खूण वेळ. दुनळीचं रस्ट ब्लूइंग नीट केलं तर सहा ते आठ फेऱ्या लागतात, त्याआधी घासकाम असतं. दोन-तीन दिवसांत दुनळी तयार म्हणणारा टाकीच वापरतो.

पाचवी खूण उशिरा दिसते आणि तीच सगळ्यात वाईट. पट्टी आणि नळीच्या सांध्यावर पांढरी भुकटी फुटते, पुसली की पुन्हा येते, आणि पावसाळी हवेत तिच्या जागी तपकिरी रेघ उमटते. या बंदुकीवर फोरएंडच्या (नळ्यांखालच्या लाकडी भागाच्या) लूपजवळ आणि तोंडाशी, जिथे पट्टी संपते, तिथे ही रेघ आली.

डाखाचं काय होतं

हॉट ब्लूइंगची टाकी म्हणजे पाण्यात घट्ट विरघळवलेला कॉस्टिक सोडा आणि सोबत सोडियम नायट्रेट किंवा नायट्राइट. हे मिश्रण साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पोलाद पंधरा ते तीस मिनिटं ठेवलं की पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा, म्हणजे काळ्या लोह-ऑक्साइडचा, मायक्रॉनच्या आसपास जाडीचा थर तयार होतो. एकसंध पोलादी भागासाठी ही पद्धत उत्तम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक कारखानी बंदुका अशाच ब्लू झालेल्या आहेत.

दुनळीचं दुखणं वेगळं. टाकीच्या उष्णतेने डाख वितळतो असं अनेकांना वाटतं, आणि कार्यशाळेचा बचावही त्यावरच उभा होता: ‘आमची टाकी दीडशेच्या वर जात नाही, डाख कसा सुटेल?’ आकडा बरोबर आहे. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या खाली वितळत नाही. पण तो वितळावा लागतच नाही. कथील आणि शिसं दोन्ही गरम कॉस्टिकमध्ये विरघळतात. टाकी डाख वितळवत नाही, खाते. पंधरा मिनिटांत सांध्याच्या कडेचा डाख मागे सरकतो, केसाएवढी फट पडते आणि त्या फटीतून क्षाराचं पाणी दोन नळ्यांमधल्या पोकळीत शिरतं. ती पोकळी पट्टीखाली तीस इंच लांब आहे आणि बाहेरून कितीही धुतलं तरी आत पाणी फिरत नाही. आत राहिलेला क्षार हवेतली ओल ओढत राहतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिना त्याला पुरेसा आहे. गंज पट्टीच्या आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

तपासायचे तीन मार्ग आहेत, तिन्ही घरी जमतात.

नळ्या अ‍ॅक्शनमधून काढा, पुढच्या लंपच्या खाचेत सुती दोरी अडकवून उभ्या लोंबत्या धरा आणि लाकडी मुठीने हलकेच ठोका. पट्ट्या घट्ट असतील तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. कुठे सुटल्या असतील तर आवाज बसका येतो किंवा झरझरतो. या नळ्या तोंडापासून दहा-बारा इंचांपर्यंत झरझरल्या. एजेक्टर किंवा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर काढणारे भाग) आधी काढून ठेवा, नाहीतर त्यांचाच खडखडाट ऐकू येईल.

दुसरं, सिगारेटचा पातळ कागद सांध्यात सरकवून पाहा. चांगल्या सांध्यात तो अजिबात जात नाही.

तिसरं, हळद. जाड टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवा आणि पट्ट्या कापून ठेवा. सांध्यावरचं तेल स्पिरिटने काढा, डिस्टिल्ड वॉटरने सांधा ओला करा, थोड्या वेळाने त्यावर हळदीचा कागद दाबा. विटकरी लाल डाग उमटला तर आत कॉस्टिक शिल्लक आहे. त्याआधी साबणाने धुतलं असेल तर साबणानेही कागद लाल होतो, म्हणून स्पिरिट आणि डिस्टिल्ड वॉटरखेरीज काही लावू नका. खालच्या पट्टीवर कागद चार ठिकाणी लाल झाला.

घासकाम

डाखाचा प्रश्न गंभीर, पण डोळ्यांना खुपतं ते घासकाम. ब्लूइंगचं काम म्हणजे नव्वद टक्के घासकाम, असं या धंद्यात म्हणतात ते उगाच नाही. रंग काहीच लपवत नाही, उलट घासताना राहिलेला प्रत्येक दोष उठवून दाखवतो.

जुन्या नळीवर हात चालतो तो लांबीच्या दिशेने. आधी बारीक कानस किंवा दगड, मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेला पॉलिश पेपर, २२० पासून ३२० आणि फार तर ४०० पर्यंत. रस्ट ब्लूइंगला ४०० च्या पुढे जायचं कारणच नाही, कारण फार गुळगुळीत पृष्ठभागावर द्रावण धरत नाही, थेंब-थेंब होऊन बसतं. इथे नळ्या थेट कापडी बफवर धरल्या गेल्या. बफ मऊ असतो, तो उंचवटा आणि खळगा दोन्ही घासतो आणि प्रत्येक कड गोल करतो. नळीवरून नजर टाकून खिडकीच्या चौकटीची रेघ पाहा. ती सरळ दिसायला हवी. इथे ती लाटा घेत जाते. स्क्रूच्या आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडलेत. वरच्या पट्टीवर उजेडाची चमक डोळ्यांत येऊ नये म्हणून कारखान्यात काढलेल्या बारीक आडव्या रेघा मधल्या भागात गुळगुळीत झाल्यात. आता नेमक्या नेम धरायच्या जागेवर पट्टी चमकते.

भिंतीची जाडी मोजली तेव्हा सगळ्यात पातळ जागी आधीच्या ०.७१ मिमीच्या जागी ०.६३ भरली. जुन्या १२ बोर नळीला ०.५० मिमी, म्हणजे वीस थाउ (इंचाचे हजारावे भाग), ही साधारण खालची मर्यादा धरतात. त्यामुळे ही बंदूक अजून मर्यादेत आहे. पण वरवरच्या गंजासाठी ०.०८ मिमी पोलाद घालवणं म्हणजे पुढच्या एका ब्लूइंगची शिल्लक याच खेपेत उडवणं. नळीच्या भिंतीची जाडी मोजायचं गेज नसलेल्या माणसाला जुनी दुनळी घासायला देऊ नये, हे स्पष्टच सांगतो.

अक्षरांचं नुकसान त्याहून महत्त्वाचं. पट्टीवरचा बनवणाऱ्याचा पत्ता अर्धा पुसट झालाय. चेंबरखालच्या सपाट भागावरचे प्रूफचे शिक्के आणि चेंबरच्या लांबीची खूण बोटाने चाचपली तर लागते, वाचता येत नाही. बाजारात ६५ आणि ७० मिमी अशा दोन्ही लांबीची १२ बोर काडतुसं मिळतात, आणि ७० मिमीचं काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये बसतंही. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. ही बंदूक पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला हे सांगणारी एकमेव खूण बफने नेली.

आणि कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. खूण खोडलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती खोडली असं कायदा धरून चालतो, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे बफवाल्याचा हात चुकला तरी पहिला प्रश्न परवानाधारकाला विचारला जाणार. इथे अनुक्रमांक ट्रिगर गार्डवरही होता आणि तो शाबूत आहे, म्हणून निभावलं. घासकामाआधी सगळ्या अक्षरांचे जवळून, तिरप्या उजेडात, तारखेसह फोटो काढा आणि जमा करतानाच्या पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या.

अ‍ॅक्शन जांभळी का झाली

अ‍ॅक्शनला हात लावायचा नाही, असं सांगूनही ती टाकीत गेली. इंग्लिश बॉक्सलॉकची अ‍ॅक्शन केस-हार्डन केलेली असते. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात ती लालबुंद तापवून पाण्यात विझवतात, त्यात पृष्ठभागावर कार्बनचा कडक थर बसतो आणि निळे-तपकिरी-राखी ढग उमटतात. वापराने ते ढग पुसट होऊन चांदीसारखा राखी रंग येतो, आणि जाणकार त्यालाच किंमत देतो. असा कार्बनयुक्त कडक पृष्ठभाग कॉस्टिकच्या टाकीत बहुतेक वेळा काळा न होता लालसर किंवा जांभळा होतो. टाकीतलं पाणी उडून तापमान जरुरीपेक्षा वर गेलं तरी लाली येते. निकेल किंवा सिलिकॉन जास्त असलेल्या पोलादांतही हा रंग दिसतो.

‘पोलादच तसं आहे’ हे कार्यशाळेचं उत्तर म्हणूनच निम्मं खरं. पोलाद तसं आहेच, आणि ते तसं असतं हे ठाऊक असलेला माणूस त्याला टाकीत घालत नाही.

यावर उपाय फारसा नाही. सौम्य आम्लाने जांभळा थर उतरवता येतो, खाली साधं राखी पोलाद राहतं आणि जुनी झाक गेली ती गेली. पुन्हा केस-हार्डन करायचं म्हणजे अ‍ॅक्शन सातशे अंशांच्या वर तापवून विझवणं. त्यात ती वाकू शकते, मग नळ्या पुन्हा बसवाव्या लागतात. नुसत्या रंगासाठी हा धोका घेऊ नये. गॅसच्या बर्नरने ढग काढून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना हात जोडावेत.

स्क्रू, म्हणजे त्या एका ताऱ्याचं कारण

नायटर ब्लू म्हणजे वितळलेल्या पोटॅशियम आणि सोडियम नायट्रेटच्या मिश्रणात भाग बुडवून तापमानाने आणलेला रंग. २३० च्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, तीनशेच्या जवळ मोरपंखी निळा. इथे स्क्रूंचा रंग एकसारखा, खोल निळा, डोक्यांचं पॉलिश सपाट. ज्याने हे केलं तो हात कसबी आहे. पण खोलणारा हात वेगळा असावा. इंग्लिश स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात, साधा पाचरीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि कडा उखडतो. दोन स्क्रूंच्या कडा उखडून मग निळ्या केल्यात. सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका रेघेत असायच्या, आता दोन आडव्या थांबतात, म्हणजे त्या दोघांची अदलाबदल झालीय. किरकोळ गोष्ट, पण काम कुणी कसं खोललं हे याच जागी कळतं.

तक्रार केल्यावर

उत्तरं तीन आली. पोलादाचं वर सांगितलं. दुसरं, ‘तेल लावत राहा, पांढरं येणं बंद होईल.’ होत नाही. तेल सांध्यात शिरून ओल अडवतं, क्षार तिथेच राहतो, आणि दोन महिन्यांनी तेल सुकलं की पुन्हा तेच. तिसरं सगळ्यात धोक्याचं: ‘फुकटात पुन्हा टाकीत घालून देतो.’ पुन्हा टाकी म्हणजे आधी आम्लाने जुना थर उतरवणं, पुन्हा बफ, पुन्हा कॉस्टिक. सांध्यातला उरलेला डाखही जाईल आणि भिंत आणखी पातळ होईल. दुनळीच्या बाबतीत हा प्रस्ताव कधीही मान्य करू नका, कितीही अजिजीने मांडला तरी.

खरा इलाज एकच. दोन्ही पट्ट्या तापवून सोडवायच्या, आतला गंज आणि क्षार काढायचा, नव्याने कल्हई करून डाखाने पट्ट्या बसवायच्या, आणि मग रस्ट ब्लूइंग. हे काम मूळ कामाच्या दुपटीहून महाग पडतं आणि करणारे हात मोजके आहेत. तोवर गंज रोखायला नळ्या स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीनदा पाणी बदलून उकळायच्या, दर वेळी उभ्या धरून निथळायच्या, एकशे दहा अंशांच्या आसपास कोरड्या करायच्या आणि गरम असतानाच पाणी हटवणारं तेल सांध्यात सोडायचं. याने मुदत वाढते, दोष जात नाही. आणि पट्टी झरझरत असेल तर तोवर ती बंदूक उडवायची नाही.

पैशांचं म्हणाल तर ब्लूइंगचा दर परत मिळाला, बिघडलेल्या नळ्यांचं काही नाही. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मात्र पावतीवर नुसतं ‘ब्लूइंग’ लिहिलेलं असेल तर तुम्ही रस्ट ब्लूइंग सांगितलं होतं हे कशाने दाखवणार? इथे पावतीवर पद्धतीचं नाव होतं, म्हणून तरी पैसे परत आले.

कुणी जावं, कुणी जाऊ नये

या कार्यशाळेचं टाकीचं काम टाकी म्हणून वाईट नाही, रंग सगळीकडे एकसारखा चढलाय. .३१५ स्पोर्टिंग रायफल, एकनळी, कारखानी .३२ रिव्हॉल्व्हर यांना टाकीतलंच ब्लूइंग योग्य आणि स्वस्त. घासकाम हाताने करून घ्यायची अट घातली तर अशा कामासाठी त्यांचा विचार करायला हरकत नाही. काही गोष्टी तरीही स्वतः पाहाव्यात. अ‍ॅल्युमिनियमचा कुठलाही भाग, ट्रिगर गार्ड असो की दुर्बिणीचा माउंट, कॉस्टिकमध्ये विरघळतो, तो काढूनच द्या. स्टेनलेसला या टाकीचा रंग चढत नाही. स्प्रिंगा सगळ्या बाहेर. रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमच्या बाजू सपाट असतात, त्या बफवर नव्हे तर काचेवर ठेवलेल्या पेपरवर घासायला सांगा. आणि खड्डे असतील तर ब्लूइंगने झाकले जात नाहीत, काळ्या चकाकत्या पृष्ठभागावर ते दुप्पट दिसतात. खड्डे काढायचे की ठेवायचे हे नळीची जाडी मोजून ठरवायचं, कारागिराच्या उत्साहावर नाही.

दुनळी असेल, पट्ट्या डाखाच्या असतील, दमास्कस नळ्या (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून जोडलेल्या) असतील, तर इथे नको. दमास्कसला तर टाकी म्हणजे सरळ नाश, त्या नळ्यांची नक्षी संथ गंज चढवणाऱ्या ब्राउनिंगसारख्या पद्धतीनेच खुलते.

दुनळी देताना कामाच्या कागदावर काय लिहून घ्यायचं, ते योग्य पद्धत कळली की आपोआप कळतं. जुना थर सौम्य आम्लाने उतरवायचा. घासकाम लांबीच्या दिशेने, हाताने, ठोकळ्यावर, ४०० च्या आत; अक्षरं आणि पट्टीवरच्या रेघा सोडून. मग अ‍ॅसिटोन आणि खडूची पूड लावून तेल असं काढायचं की पाणी नळीवर न तुटता एकसंध पसरेल. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. बोअरला वार्निश आणि गुल्ल्या. आम्लात लोखंड विरवलेलं द्रावण जवळजवळ कोरड्या बोळ्याने एकाच हातात, मागे न फिरता लावायचं. दमट पेटीत तीन-चार तास किंवा जास्त, बारीक मखमली लाल गंज येईपर्यंत. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये पंधरा-वीस मिनिटं उकळलं की लाल गंज काळा होतो. वरची काळी भुकटी बारीक तारेच्या मऊ ब्रशने झाडायची. हीच फेरी सहा ते आठ वेळा, आणि शेवटी गरम नळीला तेल.

जागेचा फरक इथे फार पडतो. श्रावणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे पेटीची गरजच नाही, उलट गंज इतक्या झपाट्याने चढतो की तासभर जास्त झाला तर दाणा भरड होतो आणि पोलादाला बारीक खड्डे पडतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याला हवेत ओलच नसते, तिथे ओल्या गोणपाटाची पेटी लागते. नळाचं किंवा बोअरवेलचं जड पाणी उकळायला वापरलं तर पांढरे ठिपके राहतात, पावसाचं गाळलेलं चालतं. कारागिराला ‘पाणी कुठलं वापरता’ विचारा. या एका प्रश्नावर बरंच कळतं.

घरी आणल्यावर पहिला दिवस तेलात राहू द्या, चोळू नका. नंतर फडक्यावर काळं येत राहिलं तर वरची भुकटी नीट झाडलेली नाही, किंवा बाटलीतलं कोल्ड ब्लू लावून ठिगळ मारलंय. कोल्ड ब्लू सहसा सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचं असतं, हाताळणीत लवकर उतरतं आणि त्याचा उग्र वास दिवसेंदिवस जात नाही. खंडेनवमीला पूजेत ठेवाल तेव्हा ओलं कुंकू-गंध नळीला न लावता दस्त्याला लावा आणि फुलं त्याच संध्याकाळी काढा. ओल्या बोटाचा ठसा नव्या ब्लूइंगवर एका रात्रीत कायमचा बसतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तर कापडी किंवा चामडी म्यानात घालून देऊ नका, ते ओल धरतं. बाहेरून घट्ट तेल किंवा ग्रीसचा थर, बोअरमध्ये तेलाचा बोळा फिरवलेला, आणि परत घेताना तिथेच, सही करण्याआधी, पट्टीच्या सांध्यावरून एकदा पांढरं फडकं फिरवा.